सात शब्दांचं पोस्टकार्ड

देवीदासभाऊ तितिरमारे यांनी आयुष्याची चौतीस वर्षं लिहिण्यात घालवली. फक्त त्यांचं लिखाण वाचायचं तर माणसाला बारा फुटांवर जाऊन उभं राहावं लागे. भिलाईच्या कारखान्यात, प्लेट मिलमध्ये ते मार्कर होते. पोलादाची प्लेट लाटून, कापून, गार होत पुढे सरकली की तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने तिचा नंबर घालायचा, हे त्यांचं काम. आकडा वीतभर उंच. वर क्रेनमध्ये बसलेल्या माणसाला तो चष्म्याशिवाय दिसला पाहिजे, एवढीच त्या लिखाणाची कसोटी. देवीदासभाऊंचं लिखाण पुलांत गेलं, जहाजांत गेलं, कुठल्या कुठल्या बॉयलरांत गेलं, आणि आशय कळला नाही अशी तक्रार एकाही वाचकाने कधी केली नाही. एवढं भाग्य लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना लाभतं.

तक्रार आली ती निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, आणि तीही घरातूनच.

देवीदासभाऊंची थोरली बहीण सिंधुताई भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या पलीकडे पिपरटोल्याला राहते; तिचं सासर-माहेर एकच, दोघा भावंडांचं जन्मगाव तेच. वय बहात्तर. दोन वर्षांपूर्वी तिचे कान गेले. मुलाने, म्हणजे चिंधूने, कानाचं यंत्र आणलं. सिंधुताईने ते आठ दिवस लावलं, 'यात शिट्या वाजते' असं म्हणून हळदीच्या डब्याशेजारी ठेवून दिलं. तेव्हापासून फोन हे तिच्यासाठी निव्वळ बोलण्याचं साधन उरलं. ती फोन लावायला सांगे, पावसापाण्याचं, धानाचं, म्हशीचं सगळं सांगून टाकी आणि उत्तराची वाट पाहण्यात काही अर्थ नाही हे ओळखून ठेवून देई. इकडे देवीदासभाऊ भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घराच्या गच्चीत उभे राहून "ताईऽऽ, मी बरा हाये!" असं ओरडत राहत. ते बरे आहेत हे त्यामुळे अख्ख्या हुडकोला कळलं होतं. कळलं नव्हतं ते सिंधुताईला.

चिंधूने मोबाइलवर लिहून दाखवायचाही प्रयोग केला. सिंधुताईचं म्हणणं पडलं की त्यात लिहिलेलं वर पळून जातं. शेवटी एका फोनवर तीच म्हणाली, "देवा, तू मले कागदावर लिवत जा. डोये चांगले हायेत माये."

देवीदासभाऊंनी त्याच दिवशी पोस्टकार्डं आणली आणि लिहायला बसले. इथे चौतीस वर्षांची सवय आडवी आली. मनगट न हलवता, खांद्यापासून लिहिणारा हात तो. कार्ड भरलं सात शब्दांत: 'ताई मी बरा हाये तू कशी हायेस.' त्यातला शेवटचा शब्द कार्डाच्या कडेवरून वळून पत्त्याच्या बाजूला गेला आणि पिनकोडाच्या खांद्यावर बसला. तरी दर आठवड्याला एक याप्रमाणे त्यांनी वर्षभर कार्डं पाठवली. बहिणीशी बोलणं सुरू झालं, या समाधानात ते होते.

मग एक दिवस चिंधूचा फोन आला.

"मामा, रागावू नका. आईले तुमचं कार्ड वाचता येत नाही."

"चष्मा बदल तिचा."

"चष्मा बरोबर हाये. मलेही येत नाही. पोस्टमन इचारून राहिला होता का हे सरकारी हाये का घरगुती."

"चिंधू, माया अक्षरावर जहाजं चालली रे."

"हो मामा. पण आई जहाज नाही ना."

देवीदासभाऊंनी फोन ठेवला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या पत्नी कमलिनीबाईंनी चहा आणून ठेवला. खरं दुखणं अक्षराचं नव्हतंच. हा हात लिहिता केला होता तो सिंधुताईनेच. तिला चौथीनंतर शाळेतून काढलं आणि तिचं दुसरीचं, शब्दांचं पातळ पुस्तक, पाटी आणि अर्धी लेखणी देवीदासला मिळाली. ती मागे बसून त्याच्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवी आणि 'सुपली', 'मडकं', 'गवत' असं घोटून घेई. त्या बाईला आता आपलं एक अक्षर लागू नये? आपण इथून ओरडायचं ते तिला ऐकू येणार नाही, लिहायचं ते तिला वाचता येणार नाही, मग उरलं काय? तिकडे ती एकटी, इकडे आपण, आणि मध्ये गोंदियाची गाडी.

"पहिल्यापासून शिकतो," ते म्हणाले.

"काय?" कमलिनीबाईंनी विचारलं.

"अक्षर. दुसरीच्या पुस्तकापासून."

"शिका. दूध आणायचं मात्र विसरू नका."

माणसाने एखादी गोष्ट पहिल्यापासून करायची ठरवली की पहिलं सामान मिळत नाही. देवीदासभाऊंना आठवत होतं ते पुस्तक करड्या कागदाचं होतं. डावीकडे दोन अक्षरी शब्दांचा रकाना, उजवीकडे तीन अक्षरी, आणि जोडाक्षरं आली की पानाला शेंगदाण्याच्या तेलाचा डाग असे, कारण तिथवर येईपर्यंत प्रत्येकाला भूक लागलेली असे. शिवाय पाटी पाहिजे, खऱ्या दगडाची, लाकडी चौकटीची. लेखणी पाहिजे. पाटीवर हात बसला की बोरू आणि दौत.

सुपेल्याच्या बाजारात एका जुन्या दुकानात त्यांनी लेखणी मागितली. दुकानदाराने वर न पाहता विचारलं, "खाने वाली कि लिखने वाली?"

"लेखणी खातात?"

"अंकल, आजकल खाने वाली ही जाती है. औरतें ले जाती हैं. करारी है, देखो." त्याने एक तुकडा मोडून दाखवला. "लिखने वाली आख़िरी बार कब बिकी, याद नहीं."

देवीदासभाऊंनी खाण्याची घेतली. घरी येऊन लिहून पाहिली तर सुरेख उमटली. देशातल्या साक्षरतेचं काय झालं याविषयी त्यांनी त्या दिवशी जेवताना थोडं चिंतन केलं. नात भूमिका, वय नऊ, हिने ते चिंतन ऐकता ऐकता एक लेखणी चाखून पाहिली आणि "ठीक-ठीक है, आजोबा. नमक कम है," असा अभिप्राय दिला.

पाटी रायपूरहून आलेल्या एका भंगारवाल्याकडे मिळाली. पुस्तक मात्र कुठेच मिळेना. ते निघालं शेजारच्या सुशील वैरागडे यांच्या ताब्यात.

वैरागडेसाहेब कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, आणि अधिकार गेला तरी अधिकारी उरतो, याचं ते चालतं उदाहरण होते. हुडकोतल्या मराठी स्नेह मंडळाचे ते सचिव. मंडळाच्या लोखंडी कपाटात जुनी शाळेची पुस्तकं होती, त्यात ते शब्दांचं पातळ पुस्तकही होतं.

"देता येईल," वैरागडेसाहेब म्हणाले. "पण ते संदर्भ विभागात आहे. बाहेर देता येत नाही."

"संदर्भ विभाग कुठे आहे?"

"खालचा कप्पा. तुम्ही अर्ज करा. कार्यकारिणीपुढे ठेवतो. कारण स्पष्ट लिहा, तितिरमारेजी."

देवीदासभाऊंनी अर्ज लिहिला. दोन ओळींत कागद भरला. वैरागडेसाहेबांनी तो हात लांब करून, मग आणखी लांब करून पाहिला.

"हे काय लिहिलंय?"

"हेच कारण हाये साहेब."

अर्ज मंजूर झाला. अर्जानेच स्वतःची बाजू इतकी जोरात मांडल्याचं कार्यकारिणीच्या इतिहासात दुसरं उदाहरण नसावं.

त्यानंतर चार महिने तितिरमाऱ्यांच्या घरात दुसरीचा वर्ग चालला. सकाळी दूध आणून झालं की देवीदासभाऊ गच्चीत मांडी घालून बसत, पाटी मांडीवर घेत आणि रकाना घोटत. हात आधी ऐकेना. तो मोठं लिहायला उठे, त्याला खाली बसवावं लागे. पाटी पुसायला भिजलं फडकं ठेवलं होतं, पण लक्ष नसताना ते सरळ थुंकी लावून तळहाताने पुसत, आणि मग इकडेतिकडे पाहत, कोणी गुरुजी आले तर नाहीत ना. साठ वर्षं कुठे दडून बसलेली ती हालचाल हाताला आपोआप येते याचं त्यांना मोठं नवल वाटे. पाटी वाळताना जो वास येतो तोही तसाच होता. त्या वासात त्यांना मागे कोणीतरी बसल्यासारखं वाटे, आणि मग अक्षर जरा बरं येई.

पाटीवर हात बसल्यावर बोरू आला. बोरूचं टोक कसं छाटायचं यावर वैरागडेसाहेबांनी कुंपणावरून मार्गदर्शन केलं. त्यांच्या मते तिरपा छेद डावीकडून द्यायला हवा होता. त्यांनी एक बोरू छाटून दाखवला, त्याची दातकोरणी झाली. दुसरा छाटला, त्यात त्यांचं बोट आलं. मग त्यांनी बोटाला पट्टी बांधून, उभ्याउभ्या, उरलेलं मार्गदर्शन तोंडी केलं.

शाई देवीदासभाऊंनी घरीच केली. काजळी, बाभळीचा डिंक आणि हिरड्याचं पाणी, असं आईच्या वेळचं प्रमाण त्यांना आठवत होतं. शाई उत्तम झाली. ती ठेवायला दौत नव्हती, म्हणून त्यांनी ती खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि कपाटात ठेवली. बाटलीवरचं लेबल काढायचं राहून गेलं. पुढच्याच आठवड्यात त्यांना खोकला झाला. यापुढचं सांगण्यासारखं नाही. आपणच केलेली शाई आपणच दोन चमचे घेतली, हे त्यांना तिसऱ्या चमच्याच्या वेळी कळलं. जीभ, ओठ, दात सगळं कारखान्याच्या धुराड्यासारखं झालं.

"खोकला थांबला का पण?" कमलिनीबाईंनी विचारलं.

खोकला थांबला होता. तो भीतीने थांबला असावा.

पण अक्षर! अक्षर खरोखर सुधारलं. चौथ्या महिन्यात ते एका रेषेत, मोत्यासारखं म्हणतात तसं, येऊ लागलं. देवीदासभाऊ किराण्याची यादीही बोरूने लिहू लागले. दुकानदार ती यादी परत देताना घडी न घालता देई.

याच सुमारास ते चेकबुक आणायला बँकेत गेले. अर्जावर सही केली. खिडकीतल्या टीना मॅडमनी संगणकात पाहिलं, अर्जावर पाहिलं, देवीदासभाऊंकडे पाहिलं.

"अंकल, ये साइन आपका नहीं है."

"माझाच आहे. म्हणजे, मेरा ही है."

"पुराना वाला तो ऐसा है, जैसे कोई सीढ़ी गिर रही हो. ये तो प्रिंटेड लगता है. पुराना वाला कर दीजिए."

देवीदासभाऊंनी जुनी सही करून पाहिली. येईना. हात वळण घेऊनच येई. टीना मॅडमनी सही बदलण्याचा फॉर्म दिला. त्यात कारणाचा रकाना होता, आणि कारणं छापलेली होती: विवाह, नावात बदल, अपघात, आजारपण, इतर.

"मैं लिखता हूं, अक्षर सुधर गया."

"वो ऑप्शन नहीं है."

"फिर 'इतर'."

टीना मॅडमचा आवाज खाली आला. "अंकल, 'इतर' मत भरिए. 'इतर' रायपुर जाता है. आप 'बीमारी' भर दीजिए, डॉक्टर से लिखवा लाइए कि हाथ में तकलीफ़ है. दो दिन में हो जाएगा."

अक्षर बिघडतं तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. सुधारलं तर तो आजार ठरतो आणि त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. देवीदासभाऊ हुडकोतल्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी हात उलटासुलटा केला, बोटं ओढली, लिहायला लावलं आणि म्हणाले की या हाताला काहीही झालेलं नाही, उलट त्यांच्याच दवाखान्याच्या पाटीवर 'आत यावे' एवढं लिहून दिलंत तर बरं होईल. देवीदासभाऊंनी ते लिहून दिलं. सर्टिफिकेट मिळालं नाही. शेवटी फॉर्म 'इतर'मध्ये भरला आणि तो रायपूरला गेला. अजून तिकडेच आहे.

पण या सगळ्या गोष्टी किरकोळ. देवीदासभाऊंचं मन लागलं होतं पत्रात. एका रविवारी त्यांनी आंघोळ करून, कोरा कागद घेऊन सिंधुताईला पत्र लिहिलं. दोन पानं. प्रत्येक ओळ सरळ. पुस्तकात होती तशीच भाषाही त्यांनी वापरली, कारण एवढ्या सुंदर अक्षरात 'हाये' लिहायला हात धजेना. 'प्रिय ताई, सादर नमस्कार. आम्ही सर्व येथे कुशल आहोत. आमचे घर स्वच्छ आहे. अंगणात तुळस आहे. भूमिका अभ्यास करीत आहे.' लिहून झाल्यावर त्यांनी पत्र तीनदा वाचलं. इतका कुशल माणूस आपण कधी होतो, असा प्रश्न त्यांना पडला, पण अक्षराकडे पाहून त्यांनी तो मनात घेतला नाही.

पत्र पिपरटोल्याला पोचलं त्याच दिवशी चिंधूचा फोन आला. देवीदासभाऊ बाहेर गेले होते. कमलिनीबाईंनी घेतला. नेटवर्क येत-जात होतं.

"मामी, मामा कुठं हायेत?"

"डॉक्टरकडे गेले. फॉर्म रायपूरातच अडकला न, हाताच्या सर्टिफिकेटचं काही जमते का ते पाहाले."

"हाताले काय झालं?"

"काही नाही रे, बँकेवाले म्हणतात सही वेगळी येते. आता जीभ तेवढी बरी हाये, काळी पडली होती. तू काळजी..."

इथे नेटवर्क गेलं.

कमलिनीबाई एक शब्द खोटं बोलल्या नव्हत्या. पण पिपरटोल्याला या माहितीची जुळणी कशी झाली असेल याचा विचार करा. हातात परक्या अक्षराचं पत्र. त्यात परक्या माणसाची भाषा. सही येत नाही. जीभ काळी. डॉक्टर चालू. चिंधूने हे सगळं कागदावर लिहून आईपुढे धरलं. सिंधुताईने ते वाचलं, पदर खोचला आणि म्हणाली, "अर्धांग झालं त्याले. आपल्यापासून लपवून राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मायलेक निघाले. दुर्गला उतरून ऑटोने हुडकोत आले तेव्हा देवीदासभाऊ गच्चीत जोडाक्षरं घोटत होते. दारात सिंधुताईला पाहून ते पाटीसकट खाली धावले. धावत खाली आले, हीच त्यांची प्रकृती ठीक असल्याची पहिली साक्ष होती, पण ती ग्राह्य धरली गेली नाही.

"बस," सिंधुताई म्हणाली. "कोणती बाजू गेली?"

"कोणतीच नाही ताई!"

तिला ऐकू गेलं नाही. तिने त्यांचा उजवा हात धरला आणि दंडाला असा चिमटा काढला की ते ओरडले. मग डावा. तोही ओरडला, म्हणजे देवीदासभाऊच ओरडले. "जीभ काढ." त्यांनी काढली. मध्यभागी अजून थोडी शाई होती. सिंधुताई मटकन खाली बसली.

"आत्याआजी, बीमार नहीं हैं आजोबा," भूमिका समजावू लागली. "उन्होंने इंक पी ली थी."

"काय म्हणते पोरगी?"

चिंधूने तोंडाने आणि हातवाऱ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. शाई पिण्याचा हातवारा विष पिण्याच्या हातवाऱ्यापेक्षा वेगळा करता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. सिंधुताईने डोळ्याला पदर लावला.

देवीदासभाऊंनी पाटी घेतली आणि तिच्यासमोर मांडी घालून लिहायला लागले. 'ताई मले काही झालं नाही. तुले वाचता यावं म्हणून मी अक्षर सुधारलं. पत्र मीच लिवलं.' लेखणी करकरत होती. सिंधुताई त्यांच्या बोटांकडे पाहत राहिली. पुढे झुकून ती लेखणी धरायची पद्धत पाहू लागली, अंगठा कुठे आहे, करंगळी टेकते की नाही.

"हात तुयाच हाये," ती शेवटी म्हणाली. "करंगळी अजून वाकडी ठेवते. मंग त्या पत्रात ते 'कुशल' न 'स्वच्छ' कोण म्हणे? तू कवा म्हटलं रे स्वच्छ?"

घरात सगळे हसले. कमलिनीबाईंनी चहा टाकला. चिंधूने दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

संध्याकाळी दोघं भावंडं गच्चीत बसली होती. देवीदासभाऊंनी पाटीवर लिहिलं, 'आता तरी वाचता येते ना?'

"येते ना. दोन मिनिटात वाचून झालं."

मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, जरा मोठ्यानेच म्हणाली, "पहिले तुयं कार्ड येत होतं ना देवा, तवा मजा होती."

देवीदासभाऊंनी लेखणी उचलली आणि लिहिलं, 'मजा कसली?'

"कोणालेच लागे ना. पोस्टमन थांबे. पाटलाची सून ये. शाळेतला मास्तर ये, तो म्हणे हे अक्षर नाही, आकडे हायेत. किराणावाला म्हणे उलटं धरा. कोणी म्हणे देवानं जमीन इकली, कोणी म्हणे बदली झाली, रिटायर माणसाची! तीन तीन दिवस बसत. चुलीवरून चहाचं भांडं उतरे ना. मले ऐकू थोडंच येते? पण तोंडं दिसत ना सगळ्याईची. माया घरात बसून, मायाच भावाचं बोलून राहिले." तिने पाटीवरची अक्षरं बोटाने पुसली. "हे पत्र आलं. मी वाचलं. घडी केली. मंग काय करू? बसली."

तक्रारीचा सूर त्यात नव्हता. पावसापाण्याचं सांगावं तसं तिने सांगितलं आणि खाली स्वयंपाकघरात निघून गेली.

सिंधुताई आठ दिवस राहिली, आणि ती गेल्यावर देवीदासभाऊंनी पुन्हा खराब लिहायचं ठरवलं. मग त्यांना कळलं की तो रस्ता बंद आहे. डाव्या हाताने लिहून पाहा, असं वैरागडेसाहेबांनी कुंपणावरून सुचवलं. डोळे मिटून लिहा, असं चिंधूने फोनवर. देवीदासभाऊंनी दोन्ही केलं आणि कागद फाडले. त्यांना ते करवेना. मुद्दाम न कळेलसं लिहायचं म्हणजे प्लेटवर खोटा नंबर घालण्यासारखं. चौतीस वर्षांत त्यांनी ते केलं नव्हतं, आता बहिणीशी काय करणार?

चार दिवस ते दूध आणून गच्चीत नुसते बसले. अक्षर कळू नये हा उपाय नव्हता. आपण समजत होतो की ताईला आपलं पत्र पाहिजे. तिला पाहिजे होती पत्राभोवतीची माणसं. चार महिने घोटून आपण तिच्या घरातून सगळ्यांना उठवून लावलं, आणि तेही कसं, एका रेषेत, सुवाच्य.

पाचव्या दिवशी त्यांनी बोरू शाईत बुडवला. या वेळी पुस्तकाची भाषा बाजूला ठेवली.

'ताई,' त्यांनी लिहिलं, 'हे पत्र तुया एकटीचं नाही. जसं जसं सांगतो तसं एकेकाले बोलावून त्याच्यापुढं वाचजो. उत्तर घेतल्याशिवाय कोणाले उठू देऊ नको. अक्षर चांगलं हाये म्हणून कोणाच्या हाती देऊ नको, तूच वाच.

'मास्तरले: गुरुजी, आपल्या शाळेच्या पायरीवर एक गोल दगड होता, आम्ही त्याच्यावर पाटी घासत होतो. तो अजून हाये का? जाऊन पाहून या न ताईले सांगा.

'पाटलाच्या सुनेले: तुमच्या विहिरीत माया लहानपणी कासव होतं. ते मेलं का कोणी नेलं? सासूले इचारा. सासू नाही म्हणन, पण तिले माहीत हाये.

'किराणावाल्याले: तुया आज्यानं मले लेखणीचा चुरा पुडीत बांधून देल्ला होता, न म्हटलं होतं का हा पेरला का लेखण्या उगवते. मी पेरला होता. घरामागं. कोणत्या जागी, ते ताईले इचार, तिनं पाणी टाकलं होतं.

'पोस्टमनले: साहेब, माया कार्डाईनं तुमाले लय त्रास झाला. ताईच्या हातचा चहा घेऊन जा.'

असं ते लिहीत गेले. पंधरा माणसांना पंधरा परिच्छेद झाले. कोणाला जाब, कोणाला चौकशी, कोणावर जुना आरोप. दुपार झाली. कमलिनीबाई दोनदा जेवायला बोलावून गेल्या. शेवटी कागदाच्या तळाशी एका ओळीची जागा उरली. देवीदासभाऊंनी, करंगळी वाकडी ठेवून, तिथे लिहिलं:

'ताई, तुले वेगळं काही लिवलं नाही. जे लिवलं ते तूच शिकवलं होतं.'

पुढच्या शनिवारी चिंधूचा फोन आला. मागे इतका गलका होता की देवीदासभाऊंना वाटलं लग्न आहे.

"मामा, हे काय करून ठेवलं? सकाळपासून बावीस माणसं बसली हायेत. साखर संपली. पाटलाची सून न तिची सासू कासवावरून भांडून राहिल्या. मास्तर दगड पाहाले गेला तो अजून आला नाही. आई एवढ्या मोठ्यानं वाचून राहिली का रस्त्यावरचे आत आले."

"वाचते बरोबर?"

"एक अक्षर चुकत नाही. पण मामा, एक सांगा. शेवटी काय लिवलं हाये?"

"कावून?"

"सगळं वाचलं तिनं. शेवटची ओळ आली न थांबली. सगळे म्हणतात, वाच ना सिंधुताई, उरलं काय? तर म्हणे, हे मायं हाये. न कागद कमरेले खोचला. कोणाले दाखवत नाही. काय होतं मामा त्यात?"

देवीदासभाऊ गच्चीत उभे होते. त्यांना ओरडून सांगायची सवय होती.

"काही नाही रे," ते हळूच म्हणाले. "तारीख होती."